चार तास म्हणजे चार तास

आज मी डायलिसिसवर बोलणार आहे. नाव ऐकूनच पोटात गोळा येतो, हे मला माहीत आहे. पण आता मोठ्या गावात एखादं तरी घर असं असतंच, की ज्यातलं माणूस आठवड्यातून दोनदा-तीनदा "मशीनला" जातं. आपल्या गटांच्या मासिक सभेत कर्जाची कारणं लिहिताना "दवाखाना" या एका शब्दाखाली किती डायलिसिस लपलेली असतात, ते सचिव बायांना विचारा.

मी डॉक्टर नाही. बी. ए. ला इतिहास घेतला होता, म्हणून मी इतिहासाच्याच बाजूने येते. प्रश्न साधा आहे. डॉक्टर कागदावर लिहितात "चार तास". हे चार तास आले कुठून? आणि त्यातला पाव तास कमी झाला तर असं काय बिघडतं?

आधी किडनीचं काम बघू. पाठीत, बरगड्यांच्या खाली, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी काढून त्या लघवी तयार करतात. त्यांना सुट्टी नाही. आठवड्याचे १६८ तास होतात, ते सगळे त्या काम करतात. मशीनवर माणूस आठवड्यातून तीनदा चार-चार तास असतो, म्हणजे १२ तास. १६८ तासांचं काम १२ तासांत उरकायचं. हा आकडा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता ऐका गोष्ट. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांना इंग्रजांनी आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून डांबलं. नेहरू किल्ल्यात कैदेत होते, त्याच काळात तिकडे युरोपात, हॉलंड देशातल्या काम्पेन नावाच्या लहान शहरात, विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर एक विचित्र यंत्र जोडत होता. हॉलंड तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होतं. सामान मिळत नव्हतं. कोल्फ यांनी सॉसेज भरायला खाटिक वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली आणि लाकडी पट्ट्यांच्या एका मोठ्या पिंपाला गुंडाळली. पिंप मिठाच्या पाण्याच्या टबात अर्धं बुडवलं. टब बनवायला गावातल्या एनॅमलच्या कारखानदाराने मदत केली. रोग्याचं रक्त नळीतून फिरायचं, पिंप गोल गोल फिरायचं, आणि रक्तातला युरिया नळीच्या बारीक छिद्रांतून टबातल्या पाण्यात उतरायचा. रक्ताच्या पेशी मोठ्या, त्या आतच राहायच्या. चाळणीचंच काम, फक्त छिद्रं डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक.

या माणसाच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते एका आईमुळे. १९३८ साली कोल्फ ग्रोनिंगनच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते. त्यांच्याकडे एका गरीब शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा होता. किडन्या बंद पडल्यामुळे तो डोळ्यांदेखत गेला. त्याच्या आईला, तुमचा मुलगा वाचणार नाही, हे सांगायची वेळ कोल्फ यांच्यावर आली. रोज या मुलाच्या रक्तातला थोडा युरिया काढता आला असता तर तो जगला असता, असा हिशेब त्यांनी तेव्हा मांडला आणि तो सोडला नाही.

१९४३ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्याला मशीनला लावलं. ती घरकाम करणारी २९ वर्षांची बाई होती. बारा वेळा डायलिसिस झालं, मग सुई टोचायला शिरच उरली नाही आणि ती गेली. पहिल्या सोळा रोग्यांपैकी जवळजवळ सगळेच दगावले. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या सोफिया शाफस्टाट या बाईला बेशुद्ध अवस्थेत आणलं. ही बाई जर्मनांना सामील असल्याच्या आरोपावरून कैदेत होती, गावात तिच्याबद्दल कुणाला प्रेम नव्हतं. कोल्फ यांनी तिलाही मशीनला लावलं. सुमारे अकरा तास मशीन चाललं तेव्हा ती शुद्धीवर आली, आणि शुद्धीवर येऊन तिने आता नवऱ्याला सोडणार म्हणून सांगितलं, अशी हकीकत आहे! पुढे ती काही वर्षं जगली आणि वेगळ्याच आजाराने गेली. या मशीनने वाचलेलं जगातलं पहिलं माणूस म्हणजे ही बाई. तिला अकरा तास लागले, हे लक्षात ठेवा. घाई कुणी केली नाही.

कोल्फ यांनी यंत्राचं पेटंट घेतलं नाही. उलट तयार केलेली यंत्रं दुसऱ्या देशांतल्या दवाखान्यांना देऊन टाकली.

पण हे सगळं तात्पुरत्या बिघाडासाठी होतं, म्हणजे आठ-दहा दिवसांत ज्यांच्या किडन्या पुन्हा सुरू होणार होत्या त्यांच्यासाठी. ज्यांच्या किडन्या कायमच्या गेल्या, त्यांना दर वेळी नवी शीर कुठून आणायची? तो मार्ग १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात निघाला. बेल्डिंग स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरांनी टेफ्लॉनची एक वाकडी नळी केली. तीच ना, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असते ती टेफ्लॉन. रक्त टेफ्लॉनला चिकटत नाही. ही नळी हातात कायमची बसवून ठेवायची आणि दर वेळी तिलाच मशीन जोडायचं. ९ मार्च १९६० ला क्लाइड शील्ड्स नावाच्या कामगाराला ती बसवली. तो विमानांच्या कारखान्यात यंत्रावर कामाला होता. मरायला टेकलेला तो माणूस पुढे अकरा वर्षं जगला. १९६६ मध्ये हातातच शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करायची रीत निघाली. आज आपल्या माणसांच्या हाताला जी थरथरती गाठ लागते, ती हीच.

त्या वेळी मशीनवर किती वेळ ठेवत असत? सुरुवातीला दिवस-रात्र. मग आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा, आणि तेही बहुतेक रात्रभर. संध्याकाळी मशीन लावायचं, झोपायचं, सकाळी काढायचं. आठ-आठ, दहा-दहा तास. म्हणजे चार तास हे काही देवाने लिहून दिलेलं माप नाही. मूळ माप याहून पुष्कळ मोठं होतं. ते कमी कमी होत चार तासांवर आलं आहे. चार तास ही आधीच काटकसर आहे, आणि त्यातही काटकसर कुणी करू पाहत असेल तर त्याला कारण विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सिॲटलची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती बायकांनी ऐकण्यासारखी आहे. तिथे मशीनं थोडी आणि रोगी फार. मग कुणाला मशीन द्यायचं हे ठरवायला गावातल्या सात जणांची समिती नेमली. त्यात वकील होता, धर्मगुरू होता, बँकवाला होता, एक गृहिणीही होती. माणूस कमावता आहे का, पोरं किती, प्रार्थनेला जातो का, असं बघून नावं काढायची. १९६२ मध्ये एका मासिकात याची बातमी आली आणि सगळा देश हादरला. मला ती समिती वाचून आपली घरं आठवली. आपल्याकडे समिती नसते, पण कुणाच्या उपचाराला शेत गहाण पडायचं आणि कुणी "आता वय झालं" म्हणून गप्प बसायचं, हे ठरतंच की. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, घेणाऱ्यांत पुरुष. एवढं सांगून पुढे जाते.

आता आपल्याकडे येऊ. भारतात डायलिसिस साठच्या दशकाच्या सुरुवातीला आलं, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. मुंबईत केईएमसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात किडनीचे वेगळे विभाग उभे राहिले. केईएमचा विभाग पुढे चालवला डॉ. विद्या आचार्य यांनी, आणि देशातल्या कितीतरी किडनीतज्ज्ञांना त्यांनी शिकवलं. बाईमाणूस किडनीची डॉक्टर, हे त्या काळात नवलच होतं.

पण साध्या माणसाच्या कानावर डायलिसिस हा शब्द पडला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि जयप्रकाशजींना पकडलं. चंदीगडला कैदेत असताना त्यांच्या किडन्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये सोडलं तेव्हा त्यांची अवस्था फार वाईट होती. त्यांना मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं. तिथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं. वय ७३. लोकांना वाटलं, आता काही दिवसांचे सोबती. पण जयप्रकाशजी त्या मशीनच्या जोरावर जवळजवळ चार वर्षं जगले. नुसते जगले नाहीत, १९७७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षांची मोट बांधली आणि देशातलं सरकार बदललं. आठवड्यातून अनेक तास मशीनला जोडलेला म्हातारा माणूस!

त्यांना घरी, पाटण्याला, वापरता येईल असं मशीन हवं होतं. ते महाग. मग गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी लोकांना आवाहन केलं, की प्रत्येकाने एक रुपया द्या. पंतप्रधान इंदिरा गांधींनीही ९० हजार रुपयांचा चेक पाठवला होता. तो परत केला गेला. लोकांच्या रुपयांतून मशीन आलं. आपण गटात दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकतो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. ८ ऑक्टोबर १९७९ ला जयप्रकाशजी गेले.

आता मुख्य गोष्टीवर येते, म्हणजे वेळ कमी कसा होत गेला.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कायदा केला, की किडनी गेलेल्या जवळजवळ सगळ्यांचं डायलिसिस सरकारी पैशातून होईल. कायदा होण्याआधी एका रोग्याने खासदारांच्या समितीसमोर स्वतःला मशीन लावून घेऊन दाखवलं होतं. समिती गेली, नावं काढणं गेलं. फार मोठं काम झालं. पण पैसे कसे द्यायचे? तर सेशनमागे. एका सेशनचे इतके. सेशन तीन तासांचं केलं काय, पाच तासांचं केलं काय, पैसे तेवढेच. आता तुम्ही गिरणीवाल्या बाईचा हिशेब लावा. दळण किलोवर नाही, खेपेवर मोजलं, तर दिवसात खेपा वाढवायचा मोह कुणाला होणार नाही? तीच खुर्ची, तेच मशीन, वेळ कमी केला तर दिवसात एक रोगी जास्त बसतो.

त्यात १९८१ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. त्यात रक्तातला युरिया नीट उतरला पाहिजे यावर भर होता. वेळेचा फरक त्या मानाने तितका ठळक दिसला नाही. मग यंत्रं जोरदार झाली, रक्त वेगाने फिरायला लागलं, आणि युरिया तीन तासांत, कधी त्याहूनही लवकर उतरू लागला. कागदावर सगळं ठीक. रोग्यालाही बरं वाटायचं, लवकर घरी जायला मिळतं. आणि मग लक्षात आलं, की अमेरिकेत डायलिसिसवरची माणसं इतर देशांपेक्षा जास्त मरतात. १९८९ मध्ये डॅलस शहरात डॉक्टर मंडळी या एकाच प्रश्नावर बसली. १९९१ मध्ये अभ्यास आला, की साडेतीन तासांपेक्षा कमी वेळ मशीनवर असणाऱ्यांत मृत्यू जास्त होते.

त्याच सुमारास फ्रान्समधून वेगळीच बातमी आली. ल्यों शहराजवळ तासँ नावाचं गाव आहे. तिथल्या डॉक्टरांनी जुनी रीत सोडलीच नव्हती. आठवड्यातून तीनदा, दर वेळी आठ तास. १९९२ मध्ये त्यांनी आपला हिशेब छापला. त्यांची माणसं कितीतरी जास्त वर्षं जगत होती, आणि बहुतेक जणांचं ब्लडप्रेशर गोळीशिवाय ताब्यात होतं. इतर ठिकाणी डायलिसिसवरचा माणूस मूठभर गोळ्या खातो.

हे असं का होतं, ते आपल्या भाषेत सांगते.

एक, घाणीचं. खारवलेली कैरी पाण्यात टाकली तर वरवरचं मीठ पाच मिनिटांत निघतं. आतलं मीठ निघायला तास जातात. पाणी कितीही ढवळा, आतलं मीठ त्याच्या वेळेनेच येतं. युरिया म्हणजे वरवरचं मीठ, तो लवकर निघतो. फॉस्फरससारख्या गोष्टी आतून हळूहळू येतात. तपासणीत युरिया चांगला दिसतो आणि अंगाची खाज मात्र जात नाही, असं ऐकलंय ना?

दुसरं पाण्याचं, आणि हे जास्त महत्त्वाचं. आपला तालुका दुष्काळी, विहिरीचा उपसा तुम्हाला समजावून सांगायला नको. मोटर झऱ्यांपेक्षा जास्त जोराने ओढायला लागली की विहिरीचा तळ दिसतो, मोटर हवा घेते. शेतात आजूबाजूला ओल असते, पण विहीर कोरडी. रक्तवाहिनी म्हणजे ही विहीर. मशीन पाणी काढतं ते रक्तातून. पायातलं, पोटातलं, फुप्फुसातलं पाणी झऱ्यासारखं झिरपत रक्तात यायला वेळ लागतो. कमी वेळात जास्त पाणी ओढलं की ब्लडप्रेशर खाली येतं, पायात गोळे येतात, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हृदयावर दर वेळी ताण बसतो. मग मशीन थांबवतात, पाणी पूर्ण निघत नाही, रोगी सुजलेलाच घरी येतो, आणि पुढच्या खेपेला आणखी जास्त पाणी काढावं लागतं. हे चक्र आहे.

आकडेही आहेत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त पाणी काढलं तर मृत्यूचा धोका वाढतो. आपल्या ५० किलोच्या बाईचा हिशेब करा. तासाला ६५० मिली. चार तासांत २ लिटर ६०० मिली. तीन तासांत १ लिटर ९५० मिली. म्हणजे एक तास कमी केला, तर ६५० मिली पाणी एकतर अंगात राहणार, नाहीतर घाईने ओढलं जाणार. २००६ मध्ये सात देशांतल्या सुमारे २२ हजार रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात मशीनवर दर अर्धा तास जास्त असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ७ टक्के कमी दिसला. असल्या अभ्यासातून नातं दिसतं, पक्कं कारण सिद्ध होत नाही, आणि डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत. पण वेळ कमी केला तर बरं, असं कुणी म्हणत नाही. ज्यांची लघवी जवळपास बंद झाली आहे त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल, तरी दर वेळी तीन तासांच्या खाली जाऊ नये, अशी २०१५ च्या अमेरिकी डॉक्टरांच्या सूचनेत पायाचीच रेघ आहे. ती कमीत कमीची रेघ आहे, पुरेशाची नाही.

आपल्या राज्यात पैशाची बाजू २०१२ पासून बदलली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपला नगर जिल्हा त्यात नव्हता, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली तेव्हा आपल्यालाही मिळाली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीला घरामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता पाच लाखांवर गेलं आहे. आणि २०१६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला.

त्या बजेटच्या भाषणातले आकडे मी मुद्दाम वहीत लिहून ठेवले आहेत. दरवर्षी देशात किडनी पूर्ण गेलेले २ लाख २० हजार नवे रोगी वाढतात, आणि त्यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख सेशन जास्त लागतात. एका सेशनला अंदाजे २ हजार रुपये, वर्षाला ३ लाखांहून जास्त. आता भागाकार करा. ३ कोटी ४० लाखांना २ लाख २० हजारांनी भागलं की साधारण १५५ येतात. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे आठवड्याला तीन. सरकारने स्वतः हिशेब धरला तो आठवड्याला तीन सेशनचा. आपल्याकडे कितीतरी माणसं दोनदाच जातात. काही डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं असतं, कारण थोडी लघवी शिल्लक असते. पण काही जण जाण्यायेण्याचं भाडं आणि रोजगार बुडतो म्हणून दोनवर आलेले असतात. ज्याचं दोनच होतं, त्याचा एकेक मिनिट आणखी मोलाचा.

आता पाव तासाचा हिशेब. दर वेळी १५ मिनिटं कमी झाली, आणि वर्षात १५६ सेशन धरली, तर ३९ तास होतात. जवळजवळ दहा डायलिसिस! कागदावर १५६ लिहिली जातात, अंगाला मिळतात १४६. अर्धा तास कमी झाला तर वीस गेली. आपण गटात कुणाच्या पासबुकात दहा हप्ते भरलेले दाखवले आणि पैसे आलेच नाहीत, तर सभा किती तास चालेल?

हा वेळ जातो कुठे, हे मला आमच्या गटातल्या एका ताईंमुळे कळलं. वय ४४, दोन मुली, घरी शेळ्या. त्या ज्या सेंटरला जायच्या त्याचं नाव सांगत नाही. दुपारची पाळी एकची. सकाळच्या पाळीचे लोक उशिरा उठायचे, मशीन धुवायचं, मग यांना सुई लागायची ती पावणेदोनला. आणि शेवटची थेट एसटी सव्वापाचची, स्टँड चालत पंधरा मिनिटांवर. त्या स्वतःच सिस्टरला म्हणायच्या, "बाई, पाचला काढा." सिस्टर काढायच्या. फाइलमध्ये लिहिलं जायचं चार तास. कुणी दुष्ट नव्हतं. सिस्टर एकटी चार मशीनं बघायची, टेक्निशियनला संध्याकाळची पाळी दिसत असायची, ताईंना शेळ्या दिसत असायच्या. सगळ्यांच्या सोयीने रोज पाऊण तास जात होता आणि ताईंचे पाय उतरत नव्हते. घरात सगळे म्हणायचे, "पाणी जास्त पितेस." बाईने पाणी कमी केलं, जेवण कमी केलं, अळणी खाल्लं. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

आमच्या सभेत विषय निघाला तेव्हा मला जामखेड आठवलं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपल्याच जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरींना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांना आरोग्याचं काम शिकवलं. बाळाचं वजन, गरोदर बाईची तपासणी, जुलाबावर मीठ-साखर-पाणी. जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला यायला लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या बायका वजन करायला शिकल्या, तर आपल्याला घड्याळ बघायला काय अडचण?

म्हणून आम्ही एक वही केली. दोनशे पानी, गटाच्या खर्चातून. ताईंबरोबर गटातली एक जण पाळीपाळीने जायची. वहीत पाच रकाने. तारीख. डॉक्टरांनी लिहिलेला वेळ. सुई लागून रक्त फिरायला लागलं ती वेळ. मशीन बंद केलं ती वेळ. डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन. मधे मशीन थांबवावं लागलं असेल तर शेऱ्यात किती मिनिटं आणि का, ब्लडप्रेशर पडलं, गोळे आले, वीज गेली. खुर्चीत बसल्यापासूनचा वेळ धरायचा नाही, रक्त फिरतं तेव्हापासून धरायचा. मशीनच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो, तो सिस्टरला विचारला की त्या दाखवतात.

भांडायला जायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ब्लडप्रेशर पडल्यावर किंवा छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी लवकर काढलं तर ते बरोबरच आहे, तिथे "चार तास पुरे करा" म्हणून हटून बसणं म्हणजे वेडेपणा. आपण विचारायचं एवढंच, की आज वेळ कमी झाला, तो पुढच्या खेपेला भरून निघेल का, आणि दर वेळी असंच होत असेल तर पाणी हळू काढायला वेळ वाढवायचा का. हे डॉक्टरच ठरवणार. आपल्या माणसाचं कोरडं वजन किती, म्हणजे सूज नसताना किती किलो असायला हवं, हेही त्यांनाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं. दोन डायलिसिसच्या मधे वजन फार वाढू द्यायचं नाही, मीठ कमी ठेवायचं, हे आपल्या हातात आहे. सगळा दोष सेंटरवर टाकून लोणचं खात बसलं तर वही काही कामाची नाही.

दीड महिन्याने ती वही घेऊन आम्ही तिघी किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, बेरीज स्वतः केली. सरासरी तीन तास दहा मिनिटं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ताईंची पाळी सकाळची करून द्यायला सांगितलं. सकाळच्या पाळीला मशीन वेळेवर लागतं आणि परतीला दोन एसट्या मिळतात. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट २०२३ पासून आहेच, पण सवलतींच्या यादीत डायलिसिसचे रुग्णही आहेत, त्याचा दाखला कुठून घ्यायचा ते डेपोत विचारून घ्या. आम्हीही विचारूनच घेतला.

शेळ्यांची सोय सर्वांत अवघड गेली, हसू नका. मशीनच्या दिवशी शेळ्या कोण राखणार, यावर एक अख्खी सभा गेली. शेवटी शेजारच्या दोन घरांनी वार वाटून घेतले, आणि ताईंची धाकटी शाळा बुडवायची ती बंद झाली. वहीत आता बहुतेक ओळींवर तीन तास पन्नास, तीन तास पंचावन्न, चार तास असं येतं. ज्या दिवशी कमी येतं, त्या दिवशी शेऱ्यात कारण असतं. सेंटरमधल्या शेजारच्या खुर्चीवरच्या पाथर्डीकडच्या मावशींनी ती वही पाहिली आणि आपल्या नातवाकडून तशीच रेघा मारून घेतली.

तुमच्या गटात कुणी मशीनला जात असेल, तर येत्या सभेत इतिवृत्त लिहून झालं की पाच रकाने आखायला घ्या. पट्टी आणि पेन सचिवांकडे असतंच.